भिंतीवरची परसबाग

पावसाळ्यात ओटीवरचा दिवा तासभर चालू राहिला की शेजारच्या भिंतीवर जे काही जमतं, त्याला आपण सरसकट ‘किडे’ म्हणतो, खिडक्या लावून घेतो आणि दिवा मालवतो. एखाद्या रात्री तसं न करता त्या भिंतीजवळ खुर्ची ओढून बसावं. तिथे टेकलेल्यांत बरेच पतंग असतात, आणि त्यातला प्रत्येक पतंग काही दिवसांपूर्वी कुठल्यातरी पानावर, खोडात, फळात किंवा धान्याच्या डब्यात अळी म्हणून जगत होता. अळ्या खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतात. काही सर्वभक्षी असतात हे खरं, पण पुष्कळ अळ्या एकाच झाडाला किंवा त्याच्या जवळच्या भाऊबंदांनाच तोंड लावतात. त्यामुळे पतंग ओळखता आला की घराच्या आसपास काय उगवतं, तेही ओळखता येतं. कुंपणापलीकडे शेजाऱ्याने काय लावलं आहे, पडीक जागेत कुठली वेल माजली आहे, हे भिंतीवर वाचायला मिळतं.

भारतात फुलपाखरांच्या साधारण १,३०० ते १,४०० जाती आहेत. पतंगांच्या जाती दहा हजारांहून जास्त आहेत. तरीही मुलांच्या पुस्तकांत, बागांच्या फलकांवर आणि सहलींच्या यादीत फुलपाखरांनाच जागा मिळते, हा पतंगांवरचा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. दोघांतला फरक रंगावरून ठरवू नये, कारण कित्येक पतंग फुलपाखरांहून भडक असतात आणि काही तर भर उन्हात उडतात. मिशा पाहाव्यात. फुलपाखराची मिशी टोकाशी जाड होते. पतंगाची मिशी टोकाकडे निमुळती तरी असते, नाहीतर तिला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे फुटलेले असतात. असे रुंद, फाटेदार मिशांचे पतंग बहुधा नर. मादीने हवेत सोडलेला गंध त्या फाट्यांवर झेलायचा आणि माग काढत तिच्यापर्यंत पोचायचं, एवढ्यासाठी त्या मिशा असतात. अडॉल्फ बुटेनान्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९५९ साली रेशमाच्या पतंगाचा हा गंध वेगळा काढून दाखवला. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी वापराव्या लागल्या. आज कपाशीच्या आणि वांग्याच्या शेतात जे कामगंध सापळे टांगलेले दिसतात, ते याच ज्ञानावर चालतात.

पतंग दिव्याकडे का येतो, याचं उत्तर आपल्याकडे शतकानुशतकं मोहाच्या आणि आत्मार्पणाच्या भाषेत दिलं गेलं. विज्ञानाच्या पुस्तकांत बराच काळ चंद्राची गोष्ट होती: पतंग चंद्राशी ठरावीक कोन राखून उडतात, दिवा अगदी जवळ असल्यामुळे तो कोन क्षणोक्षणी बदलतो आणि ते गोल फिरत आत येतात. २०२४ साली सॅम्युअल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये वेगळं उत्तर मांडलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत आणि कोस्टा रिकाच्या जंगलात त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांची उड्डाणं टिपली. त्यांत दिसलं की कीटक दिव्याकडे सरळ झेपावत नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात. आकाश रात्रीसुद्धा जमिनीपेक्षा उजळ असतं. ज्या बाजूला उजेड ती वरची बाजू, त्या बाजूला पाठ ठेवली की उड्डाण सरळ राहतं. कोट्यवधी वर्षं ही खूण बिनचूक होती. दिवा शेजारी आला की त्याच्याकडे पाठ वळवताना पतंग कलतो, कलल्यामुळे वळतो, आणि वळत वळत दिव्याभोवती घिरट्या घालतो. दिवा खालून वर लावलेला असला तर बिचारा हवेतच उलटा होतो आणि जमिनीवर आपटतो. बागेत झाडांवर खालून प्रकाशझोत सोडण्याची जी टूम हल्ली निघाली आहे, ती पतंगांसाठी फार वाईट आहे. त्याच प्रयोगांत छतासारखा वरून पसरलेला उजेड दिला तेव्हा कीटक व्यवस्थित उडत राहिले.

या संशोधनात एका पतंगाने नियम पाळला नाही, आणि तो आपल्या अंगणातला आहे. कण्हेरीवर वाढणारा हिरवा हॉक मॉथ. हिरव्या, पांढरट आणि गुलाबी छटांचे त्याचे पंख इतके सुबक असतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कुणीतरी रंगवून ठेवलेला वाटतो. या जातीचे पतंग दिव्यावरून उडत गेले तरी त्यांनी पाठ वळवली नाही. म्हणून दिव्याच्या भिंतीवर त्याची वाट पाहण्यापेक्षा तगरीच्या झुडपात त्याची अळी शोधणं सोपं. कण्हेर, तगर, सदाफुली ही चिकाची झाडं तिला चालतात. अळी बोटाएवढी जाड, हिरवीगार, मागे छोटं शिंग, आणि डोक्यामागे दोन निळे गोल. छेडलं की ती डोकं आत ओढते आणि ते गोल मोठ्या डोळ्यांसारखे पुढे येतात. एका रात्रीत तगरीची डहाळी बोडकी झाली आणि खाली काळ्या टपोऱ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या, तर ती वरच कुठेतरी आहे असं समजावं. झाड पुन्हा फुटतं, औषध मारायची गरज नसते.

पतंग पाहायला फार साहित्य लागत नाही. दोरीवर पांढरी चादर टाकावी, तिच्यापुढे हातभर अंतरावर पांढरा दिवा टांगावा. निळसर-पांढऱ्या उजेडाला पिवळ्यापेक्षा जास्त पतंग येतात, कारण त्यांच्या डोळ्यांना निळा आणि त्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश जास्त जाणवतो. ज्यांना घरात पाखरं नकोत त्यांनी दारावर पिवळा दिवा लावावा, तोही याच कारणाने. रात्र निवडताना अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, उबदार आणि वारा पडलेली निवडावी. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर फारच छान. जून ते ऑक्टोबर हे भरतीचे महिने. पौर्णिमेला आणि कडाक्याच्या थंडीत चादर जवळजवळ रिकामी राहते. दिवेलागणीनंतरचे दोन तास गर्दी असते, पण मोठे पतंग पुष्कळदा मध्यरात्रीनंतर येतात. त्यांच्यासाठी जागता येत नसेल तर पहाटे उजाडण्याआधी उठून भिंत पाहावी. दयाळ आणि बुलबुल यांना भिंतीवरची ही न्याहारी चांगली ठाऊक असते, त्यामुळे उशीर झाला तर खाली फक्त पंख सापडतात. ट्यूबलाइटमागची पाल तर रात्रभर कामावर असते.

ओळखीची सुरुवात भाजीच्या वाफ्यापासून करावी. भेंडी चिरताना जी अळी निघते, तिचा पतंग जेमतेम नखाएवढा असतो. फिकट पंखांवर लांबट हिरवा पट्टा, एवढी खूण पुरे. वांग्यातली अळी मोठी झाली की पांढरा, तपकिरी-गुलाबी डाग पडलेला पतंग होतो, आणि बसताना पोटाचं टोक वर उचलून बसतो. काकडी-दोडक्याची पानं गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग मला या सगळ्यांत देखणा वाटतो. पारदर्शक वाटावेत असे पांढरे पंख, त्यांना गडद तपकिरी किनार, आणि शेपटीला केसांचा झुबका. तो झुबका पसरून तो सतत हलवत असतो, त्यामुळे भिंतीवरच्या गर्दीतही लगेच सापडतो. पावसाळ्यात सगळ्यात जास्त दिसणारा, तपकिरी पंखांवर आडवा पांढरा पट्टा असलेला छोटा पतंग माठ-राजगिऱ्याच्या कुळातल्या झाडांवर वाढतो. तुम्ही माठ लावला नसेल तर गटाराच्या कडेला रानमाठ नक्की आहे. कोकणात भाताच्या खाचराशेजारी घर असेल तर पिवळसर गवती रंगाचे पतंग येतात, ज्यांच्या पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. या भाताच्या खोडकिड्याच्या माद्या. असे पुष्कळ पतंग दिव्यावर दिसू लागले की शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी खाचरात उतरून पाहावं.

आता झाडांकडे. पुढचे पंख करडे-तपकिरी, खांद्यापाशी पिवळ्या रंगावर काळे ठिपके, मागचे पंख पिवळेधमक, असा पतंग शहरातही वारंवार येतो. त्याची अळी वड, उंबर यांच्या कुळातल्या झाडांवर असते. इमारतीच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप आपल्याला खटकतं, वडाच्या जातीचं एखादं झाड पदपथावर उभं असतं, आणि तेवढ्यावर या पतंगांच्या पिढ्या निघतात. काळ्या पंखांवर लाल आणि पिवळ्या ठिपक्यांची नक्षी असलेला पतंग दिसला तर कुणाच्यातरी कुंडीत लिली आहे, किंवा जवळच्या रानात कळलावी फुलली आहे. लिलीची पानं फस्त करणाऱ्या काळ्या-पांढऱ्या-केशरी अळ्या पाहून अनेकजण घाबरतात. त्या डसत नाहीत. इतका उठून दिसणारा रंग हा पक्ष्यांना दिलेला इशारा आहे की आम्ही खायला वाईट आहोत. शेवग्याच्या खोडावर दाटीने चिकटलेल्या केसाळ सुरवंटांची गोष्ट निराळी. त्यांना मात्र हात लावू नये, केस त्वचेत रुततात आणि भयंकर खाज सुटते. त्यांचे पतंग पिवळसर-तपकिरी, मऊ, अगदी निरुपद्रवी असतात.

पांढऱ्या पंखांवर लाल रेघा असलेले नाजूक पतंग दिसले तर मला विशेष आनंद होतो. यांच्या अळ्या दगडफुलावर जगतात. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच दगडफुलाचे भाऊबंद जुन्या भिंतींवर, कौलांवर आणि झाडांच्या सालींवर वाढतात. दूषित हवेत त्यातले बरेच टिकत नाहीत. कोश करायची वेळ आली की ही अळी अंगावरचे केस उपटून स्वतःभोवती जाळीदार पिंजरा विणते आणि त्यात लटकून राहते. आंब्याच्या खोडावर तो पिंजरा सापडतो, फार बारकाईने पाहावं लागतं एवढंच.

गुळवेलीवर थोडं थांबायला हवं. करोनाच्या काळात घरोघरी ही वेल लागली. तिच्यावर मखमली काळपट, बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असलेली आणि पुढचं अंग वाकवून बसणारी अळी येते. तिचा पतंग बसलेला असताना वाळकं पान वाटतो. उडाला की नारिंगी-पिवळे मागचे पंख चमकतात, त्यांवर काळा ठिपका आणि काळी किनार. बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते, फुलातला मध ओढण्यापुरती. या पतंगाची सोंड टोकाला कठीण आणि काटेरी असते. तिने तो संत्र्याची, मोसंबीची साल भेदून रस शोषतो. छिद्रातून बुरशी आत शिरते आणि फळ गळून पडतं. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हा पतंग चांगला माहीत आहे. फळं पिकू लागली की संध्याकाळी बागेत धूर करतात, आणि बांधावरची गुळवेल, वासनवेल उपटून टाका असा सल्ला कृषी खातं देतं. संत्र्यावर त्याची अळी कधीच सापडत नाही, कारण ती वेलीवर वाढते. नुकसान एका ठिकाणी आणि उगम दुसऱ्या ठिकाणी, हे लक्षात यायला पतंग आणि अळी दोन्ही एकत्र पाहावे लागतात.

त्या तुलनेत फुलं आणि फळधारणा यांच्याबाबतीत पतंगांचं देणं आपण फारसं मोजतच नाही. संध्याकाळी उमलणारी, पांढरी, सुगंधी, लांब नळीची फुलं आठवा: बूच, पारिजातक, निशिगंध. ही रचना लांब सोंडेच्या पतंगांसाठी आहे. रताळ्याच्या वेलावर वाढणाऱ्या हॉक मॉथची सोंड त्याच्या अंगापेक्षा लांब असते, पोटाच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पट्टे असतात. परसातल्या पपईची फळं धरण्यात हॉक मॉथचा मोठा वाटा असतो. अळवाच्या पानांवर ठिपक्यांची रांग असलेली शिंगवाली अळी सापडली तर तीही याच कुळातली, आणि अळूवडीसाठी दोन पानं तिने घेतली तर घेऊ द्यावीत.

घराच्या आतही पतंग आहेत. न्हाणीघराच्या भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात भोपळ्याच्या बीसारखी चपटी, करडी पिशवी चिकटलेली दिसते. बहुतेकांना ती मळ वाटते. पाहत राहिलं की एका टोकातून बारीक डोकं बाहेर येतं आणि पिशवी पुढे सरकते. ही एका छोट्या पतंगाची अळी. स्वतःच्या रेशमात वाळू, धूळ, धागे गुंफून ती हे घर बनवते. पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते आणि अळी आतल्या आत फिरून दुसरीकडून तोंड काढू शकते. ती रंग किंवा सिमेंट खात नाही. कोळ्यांची जुनी जाळी, गळलेले केस, लोकरीचे धागे, मेलेल्या कीटकांचे अवशेष यांवर तिचं भागतं. दमट जागा तिला मानवते म्हणून न्हाणीघर. तिथेच भिंतीवर दिसणारी काळपट, केसाळ, बदामाच्या आकाराची चिलटं मात्र पतंग नव्हेत. त्या मोरीतल्या माश्या. त्यांना पंखांची एकच जोडी असते, पतंगांना दोन.

रव्याच्या, तांदळाच्या डब्यात दाण्यांना रेशमी जाळी धरून गुठळ्या होतात, ते तांदळाच्या पतंगाचं काम. डबा उघडताच जो करडा, फिकट पतंग फडफडतो तो हाच. गृहिणीचा हा शत्रू शेतीचा मोठा मदतनीस आहे. प्रयोगशाळांत याची अंडी मुद्दाम तयार करून कार्डांवर चिकटवतात आणि त्यांत ट्रायकोग्रामा या अतिसूक्ष्म गांधीलमाश्या वाढवतात. ही ट्रायकोकार्डं उसात, कपाशीत लावली की त्या माश्या बाहेर पडून नुकसान करणाऱ्या पतंगांची अंडी शोधतात आणि त्यांत आपली अंडी घालतात.

भिंतीजवळ बसलं असताना किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहावा. आपल्याला नुसता खणखणाट ऐकू येतो. त्यात आपल्याला न ऐकू येणारे उंच आवाजही असतात, आणि काही पतंग ते ऐकताच दचकून उडतात किंवा टपकन खाली पडतात. वटवाघूळ शिकारीसाठी असेच आवाज सोडतं. लष्करी अळीच्या कुळातल्या पतंगांना छातीच्या बाजूला कान असतात, आणि केनेथ रोडर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की एका कानात ऐकण्याच्या पेशी अवघ्या दोन. एवढ्यावर ते वटवाघूळ लांब आहे की जवळ हे ओळखतात. लांब असेल तर दिशा बदलतात, जवळ असेल तर पंख मिटून कोसळतात. पंखांवरची ‘भुकटी’ डोळ्यात गेली की आंधळेपण येतं, अशी भीती अनेक घरांत मुलांना घातली जाते. ती भुकटी म्हणजे बारीक खवले. ते विषारी नसतात. कोळ्याच्या जाळ्यात अडकल्यावर हे खवले सुटतात, आणि पतंग निसटतो.

सह्याद्रीच्या कुशीत घर असेल तर एखाद्या पावसाळी रात्री ॲटलस पतंग येतो, पंखांचा विस्तार वीतभर किंवा त्याहून जास्त. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मून मॉथही येतो. दोघांनाही मोठेपणी खाता येत नाही. अळीपणी साठवलेल्यावर आठवडाभर जगायचं आणि जोडीदार शोधायचा. वर्तमानपत्रात यांचा फोटो ‘दुर्मिळ पतंग आढळला’ म्हणून छापून येतो. मला हा शब्द पटत नाही. जो जीव वर्षातले मोजके दिवस आणि तेही रात्रीच दिसतो, तो कमी दिसणारच. मून मॉथची अळी मोईच्या झाडावर वाढते. गावाजवळ मोई शाबूत असेल तर तो दरवर्षी येत असणार. याच कुळातल्या टसरच्या पतंगाला पूर्व विदर्भात कुणी दुर्मिळ म्हणत नाही. गडचिरोली, भंडारा भागात ऐनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या राखून कोसा काढणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे.

भारतातल्या पतंगांची मोठी नोंद जॉर्ज हॅम्पसनने केली, १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत. तो निलगिरीत चहाचा मळेवाला होता. त्याचं काम मुख्यतः टाचणीला टोचलेल्या पतंगांवर उभं आहे. मला जवळचा वाटतो तो टी. आर. बेल, कारवारला वन खात्यात नोकरी केलेला. एफ. बी. स्कॉटबरोबर १९३७ साली त्याने हॉक मॉथवर ग्रंथ लिहिला. त्यात अळी कुठल्या झाडावर, पानाच्या कुठल्या बाजूला बसते, कोश कुठे करते, हे सगळं आहे, कारण त्या अळ्या स्वतः वाढवून पाहिलेल्या होत्या.

तसं करणं कुणालाही जमण्यासारखं आहे. तगरीवरची अळी पानांसकट रुंद बरणीत ठेवावी, तोंडाला फडकं बांधावं, रोज त्याच झाडाची ताजी पानं द्यावीत. भलत्याच झाडाची दिली तर ती उपाशी मरेल, पण खाणार नाही. तळाशी ओलसर माती आणि पालापाचोळा असावा, कारण हॉक मॉथच्या अळ्या कोशासाठी खाली उतरतात. हिरवी अळी तपकिरी पडून अस्वस्थ फिरू लागली की वेळ जवळ आली. मग बरणी हलवू नये आणि आत एक काडी उभी ठेवावी, बाहेर आलेल्या पतंगाला तिच्यावर चढून पंख लोंबते सोडून फुलवता आले पाहिजेत. तारीख, झाडाचं नाव आणि फोटो वहीत किंवा आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर नोंदवावेत, कारण आपल्याकडच्या कितीतरी पतंगांची अळी कुठल्या झाडावर वाढते हे अजून कुणी लिहिलेलं नाही. कधी कधी कोशातून पतंगाऐवजी माश्या किंवा बारीक गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या आयांनी अळीत आधीच अंडी घातलेली असतात. मुलं अशा वेळी खट्टू होतात. त्यांना सांगावं की हीदेखील त्याच तगरीवरची प्रजा आहे, आणि वहीत तिचीही तारीख घालावी.